आरोग्यदाव्यांची मार्गदर्शिका : नाव आणि निगा

झरी जामणी किंवा उमरखेड तालुक्यातील रुग्ण यवतमाळला अथवा नागपूरला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली दाखल होतो, तेव्हा पूर्वमंजुरीची मागणी आणि नंतरचा दावा संगणकावरूनच जातो. पाठविणाऱ्याने लिहिलेला उपचाराचा संकेतांक घेणाऱ्याने वेगळा वाचला, तर दावा परत येतो, आणि मंजुरी अडली की शस्त्रक्रियाही अडते. कोणत्या रकान्यात काय व कसे लिहावे, हे ठरवून देणाऱ्या दस्तऐवजास अंमलबजावणी मार्गदर्शिका म्हणतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची अशी मार्गदर्शिका पुण्याच्या सी-डॅकमधील केंद्र तयार करते.

मार्गदर्शिकेचे नाव ही शोभेची बाब नव्हे. अमेरिकेत डॉक्टरांच्या दाव्यांची मार्गदर्शिका ‘००५०१०एक्स२२२ए१’ या नावाने ओळखली जाते. पहिले सहा अंक आवृत्तीचे, मधला भाग त्या मार्गदर्शिकेचा, शेवटचा दुरुस्तीचा. संगणक प्रत्येक दाव्यावर हे नाव वाचतो व त्याप्रमाणे तपासणी करतो.

आपल्याकडील उदाहरण अधिक बोलके आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी घोषित झालेल्या राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाचे नाव २७ सप्टेंबर २०२१ रोजी बदलले. तथापि मार्गदर्शिकेच्या संगणकीय पत्त्यात ‘एनडीएचएम’ ही जुनी आद्याक्षरे कायम राहिली. गावाचे नाव बदलले तरी सातबाऱ्यावरील गट क्रमांक बदलत नाही, तसेच हे. पत्ता बदलता, तर त्यावर विसंबणारी प्रत्येक रुग्णालयाची प्रणालीही बदलावी लागली असती.

निगेचे काम याहून किचकट आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २१ नोव्हेंबर २०१३ पासून यवतमाळ जिल्ह्यास लागू झाली व १ एप्रिल २०१७ पासून तिला सध्याचे नाव मिळाले. प्रारंभी ९७१ असलेले उपचार पुढे ९९६ झाले. २०२३ च्या निर्णयाने ते १,३५६ वर गेले. अशा वेळी वगळलेल्या उपचाराचा संकेतांक दुसऱ्या उपचारास देणे धोक्याचे असते. तो बंद झाल्याची तारीख नोंदवून जपून ठेवावा लागतो, कारण जुने दावे त्याच संकेतांकाने तपासले जातात.

विमा कंपनी व रुग्णालय यांना आपसांत पुरवणी काढता येते. मात्र अमेरिकेच्या नियमांनुसार अशा पुरवणीने मूळ मार्गदर्शिकेतील व्याख्या बदलता येत नाहीत. त्याच देशात नवी आवृत्ती १ जानेवारी २०१२ पासून सक्तीची होती. परंतु तयारी अपुरी पडल्याने ३० जून २०१२ पर्यंत कारवाई न करण्याची सवलत द्यावी लागली.