घरून आलेला भोंगा

सांगा बरं, अणुवीज केंद्राच्या दारातला भोंगा कधी वाजायला हवा? काम संपवून घरी जाताना! अंगाला किरणोत्सारी धूळ लागली असेल तर तिथलं यंत्र ओरडतं. पण डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक केंद्रात भलतंच घडलं. स्टॅन्ली वॉट्रस नावाचे इंजिनिअर यंत्रापाशी आले की भोंगा! कारण काही केल्या सापडेना. मग एके सकाळी ते आत शिरले आणि कामाला हातही न लावता माघारी फिरून यंत्रापुढे उभे राहिले. तरी भोंगा!

म्हणजे धूळ केंद्रातली नव्हतीच. ती त्यांनी घरून आणली होती!

त्यांच्या घरातली हवा तपासली, तेव्हा सगळे हादरले. हवेत रेडॉन होता. दर लीटरमागे ४ पिकोक्युरी (हे किरणोत्साराचं माप) झाला की घर दुरुस्त करा, असं तिथलं सरकार आज सांगतं. या घरात तो होता सुमारे २,७००!

रेडॉन हा वायू. ना रंग, ना वास, ना चव. तो येतो खडकातून. खडकातलं युरेनियम अतिशय सावकाश बदलत जातं, त्याचं पुढे रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन. वॉट्रस यांच्या घराखालच्या खडकात युरेनियम जास्त होतं. (आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात ते ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी असतं.)

पण तो घरात शिरतो कसा? मला सगळ्यात नवल वाटतं ते याचंच. घरच त्याला ओढून घेतं! थंडीत दारं-खिडक्या घट्ट बंद असतात. आतली गरम हवा वर चढून फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला जमिनीतली हवा तळघराच्या भेगांतून वर येते. आपण नळीने सरबत ओढतो ना, अगदी तसं.

रेडॉनचे अणू सतत फुटत असतात. ३.८ दिवसांत निम्मे संपतात. फुटल्यावर उरणारे किरणोत्सारी कण धुळीला चिकटतात, श्वासातून फुप्फुसात जातात आणि वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर कर्करोग होऊ शकतो. हेच कण वॉट्रस यांच्या कपड्यांवर बसले होते.

ते कुटुंब घर सोडून गेलं, आणि काही महिन्यांनी, दुरुस्ती झाल्यावर परतलंही! अशा घरांवर आज एक साधा उपाय करतात. फरशीला भोक पाडून पाइप बसवायचा, तो छपरापर्यंत न्यायचा आणि वर पंखा लावायचा. घराने ओढण्याआधीच तो पंखा जमिनीतला रेडॉन ओढून घेतो आणि उघड्या वाऱ्यावर सोडून देतो.