विश्लेषण : चाळिशीनंतर जीन्स बदलावी का? सगळे कपाट रिकामे न करता काय करता येईल?

दहा-बारा वर्षांपूर्वी जीन्स घोट्यापर्यंत घट्ट नसेल, तर दुकानदारच ती ‘जुनी’ ठरवत असे. आज त्याच दुकानांच्या पुतळ्यांवर सैल, रुंद पायांच्या जीन्स दिसतात. वसई, नालासोपारा, विरारहून रोज लोकलने कामावर जाणाऱ्यांसाठी जीन्स हा रोजचा पोशाख आहे. कपाटात चार-पाच जीन्स असतात. दोन कमरेला बसत नाहीत आणि दोन ‘आता चालत नाहीत’. मग नवी कोणती घ्यावी आणि जुन्यांचे काय करावे?

फॅशन खरेच नवी आहे का?

फारशी नाही. आजची रुंद पायांची जीन्स 1970 च्या दशकातील बेलबॉटमची नातेवाईकच आहे. नव्वदच्या दशकातही जीन्स सैलच होत्या. त्या काळात अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ नावाने न शिवलेली जीन्स बाजारात आणली होती. कापड, चेन, बटणे, रिव्हेट असे सगळे एका पाकिटात मिळायचे आणि गल्लीतला शिंपी ती मापाने शिवून द्यायचा. तेव्हा कॉलेजात असलेली पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे. पुढे कापडात लवचिक धागा आला आणि घट्ट स्किनी जीन्सने दशकभर राज्य केले. करोनाकाळात घरातल्या सैल कपड्यांची सवय लागली, तेव्हापासून तिचा जोर ओसरला.

वयानुसार नेमके काय बदलते?

आवड बदलते त्याहून माप अधिक बदलते. चाळिशीच्या सुमारास वजन तेवढेच राहिले, तरी अनेकांच्या पोटाचा घेर वाढतो. मांड्या मात्र तशाच राहतात किंवा बारीक होतात. अशा वेळी दुकानात सरळ एक नंबर मोठी जीन्स मागितली जाते. ती कमरेला बसते, पण मागे आणि मांडीत लोंबते.

खरी अडचण बहुतेकदा आसनाची असते. आसन म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात त्या शिवणीपासून कमरपट्टीपर्यंतचे अंतर. दुकानात यालाच ‘राइज’ म्हणतात. आसन कमी असलेली, म्हणजे लो-वेस्ट जीन्स पोटाच्या खाली बसते, वाकले की मागून सरकते आणि बसले की बटण रुतते. मध्यम किंवा उंच आसनाची जीन्स पोटावर येऊन बसते. त्यामुळे फॅशनच्या नावापेक्षा आसन आधी पाहावे. कमरेचा नंबर प्रत्येक ब्रँडचा वेगळा निघतो. म्हणून घरातली सर्वात आरामदायी जीन्स सपाट पसरून तिचे आसन, कंबर आणि मांडी टेपने मोजून ठेवावी. ऑनलाइन खरेदीत त्या मापांचा मोठा उपयोग होतो.

पायाचा आकार सरळ असेल, तर तो कुठल्याच वर्षी फार जुना वाटत नाही. फार रुंद किंवा फार घट्ट जीन्स हौस म्हणून एखादी घ्यावी. आणि ‘या वयात जीन्स शोभते का’ हा प्रश्न पन्नाशीच्या पुरुषाला कोणी विचारत नाही, तेव्हा बाईलाही विचारायचे कारण नाही.

लोकल आणि पावसाचा यात काय संबंध?

विरार ते चर्चगेट अंतर सुमारे 60 किलोमीटर. हा प्रवास दाटीत उभे राहून, नाहीतर चौथ्या सीटवर टेकून होतो. म्हणून ट्रायल रूममध्ये आरशासमोर उभे राहून निर्णय घेऊ नये. बसून पाहावे, डब्यात चढताना उचलतो तसा पाय उचलून पाहावा. बसल्यावर कमरपट्टी रुतत असेल, तर ती जीन्स दीड तास सोसवणार नाही.

पावसाळ्यात जाड डेनिम दोन दिवस वाळत नाही, हे वसईच्या दमट हवेत वेगळे सांगायला नको. नेहमीचे डेनिम 12 ते 14 औंसाचे असते. 8 ते 10 औंसाचे कापड हलके असते आणि लवकर सुकते. जमिनीला टेकणारी रुंद जीन्स तर नालासोपाऱ्यात पाणी साचले की गुडघ्यापर्यंत पाणी शोषून घेते. त्या चार महिन्यांसाठी घोट्याच्या वर संपणारी सरळ जीन्स सोयीची. लांबी ठरवताना रोजची चप्पल किंवा बूट पायात असावेत.

जुन्या जीन्सचे काय?

तीनही स्थानकांबाहेर आल्टरेशनवाले बसतात. त्यांना काय जमते आणि काय नाही, एवढे कळले की बरेच पैसे वाचतात. लांबी कमी करणे, मागच्या मधल्या शिवणीतून कंबर आवळणे, सैल पाय बारीक करणे सहज होते. घट्ट जीन्स सैल करणे मात्र अवघड. जीन्सच्या शिवणीत शर्ट-पॅन्टसारखा राखीव कपडा जवळजवळ नसतो आणि उसवलेल्या जागी गडद रेघ उरते. म्हणून नवी घेताना मांडी-नितंबाला बसेल ती घ्यावी. कंबर नंतर आवळता येते. लांबी कमी करताना मूळ दुमड कापून पुन्हा जोडून द्यायला सांगावे, म्हणजे खालची फिकट कड जात नाही.

मापात बसणारी स्किनी फेकायची गरज नाही. लांब कुर्त्याखाली ती अजूनही चांगली दिसते. नव्या रुंद जीन्सवर आखूड कुर्ती किंवा खोचलेला शर्ट लागतो. लांब कुर्ता घातला की दोन्ही सैल होऊन अंग हरवते.

मग घ्याव्यात किती?

रोज जाणाऱ्याला एक गडद निळी सरळ, एक काळी आणि पावसाळ्यासाठी एक हलकी, अशा तीन पुरतात. ऑफिसात गडद, डाग-फाट नसलेली जीन्स बहुतेक ठिकाणी चालून जाते.

कमी घेण्याला आणखी एक कारण आहे. लीव्हाइस कंपनीने 2015 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार कापसाच्या शेतापासून घरच्या धुण्यापर्यंत एका जीन्समागे सुमारे 3,781 लिटर पाणी लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायट्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. उल्हासनगरच्या जीन्स धुलाई कारखान्यांच्या सांडपाण्याने वालधुनी नदीचे काय झाले, तो प्रश्नही न्यायालयापर्यंत गेला.

घरी धुतानाही काळजी घ्यावी. डेनिममध्ये ताणा निळा आणि बाणा पांढरा असतो आणि नीळ धाग्याच्या वरच्या थरातच राहते, म्हणून रंग झिजतो. जीन्स उलटी करून थंड पाण्यात धुवावी, सावलीत वाळवावी. लवचिक धागा असलेल्या जीन्सवर कडक इस्त्री फिरवू नये. उष्णतेने तो धागा सैलावतो आणि गुडघे फुगतात. पावसात वाळवताना खिसे बाहेर काढून कमरेकडून टांगावी, कारण सर्वात उशिरा सुकतात ते खिसे आणि कमरपट्टी.