अंगठीतले पोवळे आणि मालवणचे प्रवाळ

काटोलच्या सराफाकडील तांबडे पोवळे आणि समुद्रात भिंती उभारणारे प्रवाळ हे एका कुळातले नव्हेत. पहिले अंधाऱ्या, खोल पाण्यातही वाढते. दुसऱ्याला सूर्यप्रकाशावाचून जगता येत नाही. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती ‘पोराइटिस’ या भित्तीकारक प्रवाळाच्या वसाहती आहेत. दगडासारखा दिसणारा हा वस्तुतः प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात आणि त्याचे बहुतांश अन्न तेच तयार करतात. त्या बळावर हा इवलासा जीव चुन्याचे घर बांधतो. पण वाढ किती, तर वर्षाकाठी जेमतेम एक सेंटिमीटर! नांगराने फुटलेला वीतभर भाग भरून यायला वीसेक वर्षे हवीत. पावसाळ्यात गाळ प्रकाश अडवतो. पाणी फार तापले की शैवाल बाहेर टाकले जातात, प्रवाळ पांढरे पडते आणि उपासमारीने मरू शकते. असे विरंजन मालवणलाही नोंदले गेले आहे. १९८७ मध्ये येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. २००१ पासून भित्तीकारक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला आहेत. मालवणला जाणाऱ्या वैदर्भीय पर्यटकांनी ओहोटीच्या वेळी खडक समजून त्यांवर पाय देऊ नये.