ऑक्टोबरातलं स्कॉट्सडेल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला गोल्फ खेळायला निघालेल्यांच्या तोंडी एकच सल्ला ऐकू येतो : "ऑक्टोबरात जा. ऊन उतरलेलं असतं आणि हिवाळ्याचे चढे दर अजून लागलेले नसतात." हवेबद्दल हे खरं आहे. मैदानाबद्दल साफ चूक.

इथल्या कोर्सवर उन्हाळाभर बर्म्युडा गवत असतं. ते पंचेचाळीस अंशांचं ऊन सोसतं, पण थंडी पडली की सुप्तावस्थेत जाऊन तपकिरी होतं. हिवाळ्यात टीपीसी स्कॉट्सडेल या कोर्सवर फीनिक्स ओपन ही स्पर्धा होते, तेव्हा टीव्हीवर दिसणारी हिरवळ रायग्रासची असते आणि ते दरवर्षी नव्याने पेरावं लागतं. त्यासाठी बर्म्युडा मातीलगत खरवडतात, वर बी टाकतात आणि ते रुजेपर्यंत दिवसातून अनेकदा पाणी मारतात. तेवढे दोन ते चार आठवडे कोर्स बंद. हे काम साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतं. म्हणजे नेमका ऑक्टोबर!

कोर्स उघडल्यावरही कोवळं गवत जपायला कार्ट पक्क्या वाटेवरच ठेवावी लागते. चेंडू फेअरवेच्या पलीकडच्या कडेला असेल, तर तीन-चार क्लब हातात घेऊन चालत जायचं. हवा तो क्लब त्यात नसेल, तर परत फिरायचं. जमीन इतकी ओली असते, की चेंडू पडतो तिथेच थांबतो.

विश्वास बसत नसेल तर कोर्सच्या वेबसाइटवर 'ओव्हरसीडिंग'च्या, म्हणजे या पेरणीच्या, तारखा बघा. बहुतेक कोर्स त्या आधीच जाहीर करतात. तरीही लोक आधी विमानाची तिकिटं काढतात आणि मग कोर्सला फोन लावतात, याचा खरोखर वैताग येतो. भारतातून येणाऱ्याची तर रजा आणि पैसा दोन्ही वाया जातात. ऑक्टोबरच हवा असेल, तर दोन कोर्स असलेलं रिसॉर्ट निवडा; तिथे बऱ्याचदा एकेक कोर्स आळीपाळीने बंद ठेवतात. नाहीतर नोव्हेंबरचा उत्तरार्ध गाठा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

"वाळवंटात पाऊस कुठला?" अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा इथला मॉन्सून १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरते. विजा कडाडल्या की खेळ थांबतो.

"जुलैत स्वस्त पडतं, दुपारी खेळू." २०२३ मध्ये फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर होता. उन्हाळ्यात उजाडताच सुरुवात करा.

"इथे थंडी नसते." डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावर दव गोठतं. त्यावर पाय पडला तर पात्यांच्या पेशी फुटतात, म्हणून सकाळच्या टी टाइम पुढे ढकलतात.

"कोरड्या हवेत चेंडू लांब जातो." कोरडी हवा दमट हवेपेक्षा किंचित जड असते. अंतर वाढतं ते उष्णतेमुळे आणि उंचीमुळे.

"चेंडू झुडपात गेला, तर हात घालून काढू." तिथे चोया निवडुंगाचे काटे असतात आणि रॅटलस्नेकही. दंडाचा एक फटका सोसा आणि नवा चेंडू घ्या.