घोड्याच्या पायातील आधारबंधाची झीज

महाराष्ट्रात घोड्याचा उपयोग पूर्वीइतका राहिला नसला, तरी तो संपलेलाही नाही. मेंढ्यांमागे रानोमाळ फिरणारे धनगर आपला संसार तट्टांच्या पाठीवर वाहून नेतात. माथेरानला प्रवासी व सामान यांची ने-आण घोड्यांवरून होते. तापीकाठी सारंगखेडे येथे दत्तजयंतीच्या सुमारास आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोड्यांची मोठी खरेदी-विक्री चालते. अशा मालकाचा घोडा लंगडू लागला की त्याचे कामच थांबते.

लंगडण्याचे कारण बहुधा काटा, खडा, सैल नाल किंवा मुरगळ हे असते व योग्य उपचारांनी जनावर बरे होते. परंतु काही घोड्यांत कोणतीही इजा झालेली नसताना दोन्ही पाय हळूहळू खचत जातात आणि विश्रांती देऊनही ते पूर्ववत होत नाहीत. हा विकार पशुवैद्यकात ‘डी.एस.एल.डी.’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. तो बरा करण्याचा उपाय अद्याप उपलब्ध नाही. म्हणूनच तो वेळीच ओळखणे महत्त्वाचे आहे.

आधारबंधाचे कार्य

घोड्याच्या गुडघ्याखाली नळीचे लांब हाड असते व त्याखाली, खुराच्या वर, एक सांधा असतो. या सांध्यास येथे घोटा म्हटले आहे. नळीच्या मागील बाजूने एक चिवट पट्टा खाली येतो, घोट्याच्या वर त्याचे दोन फाटे होतात आणि ते घोट्यामागील दोन लहान हाडांना जाऊन मिळतात. हाच आधारबंध होय. मागच्या पायातही त्याची रचना अशीच असते. पायावर भार पडला की घोटा खाली दबतो, आधारबंध ताणला जातो आणि भार उतरताच तो घोट्यास पुन्हा वर उचलतो. घोड्याची चाल व दौड बऱ्याच अंशी या लवचिकपणावर अवलंबून असते.

विकारात काय घडते

निरोगी आधारबंध चांगल्या वळलेल्या दोरखंडासारखा असतो. त्यातील कोलॅजनचे तंतू एकमेकांलगत व एका दिशेने रचलेले असतात. या विकारात तंतूंच्या मधे प्रोटिओग्लायकन नावाचे, पाणी धरून ठेवणारे द्रव्य साचते. दोराचे पेड सुटून त्यांत ओला भुसा भरावा, तशी बंधाची अवस्था होते. बंध जाड दिसतो, पण त्याचे बळ जाते. तो लांबत जातो व घोटा खाली उतरतो.

पेरूमधील ‘पेरुव्हियन पासो’ या जातीत हा विकार विशेष आढळतो. तथापि अरबी, थरोब्रेड व इतर जातींतही त्याची नोंद झालेली आहे. 2006 साली अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दाखविले, की हे द्रव्य इतर कंडरा, मानेचा बंध, रक्तवाहिन्या व डोळ्याचे पांढरे आवरण यांतही साचते. त्यावरून हा केवळ पायाचा नसून सर्व शरीरातील संयोजी ऊतींचा विकार असावा, असे मत त्यांनी मांडले. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र या मतास पुष्टी मिळाली नाही. विकार विशिष्ट कुळांत अधिक दिसत असल्याने त्याचा आनुवंशिकतेशी संबंध असल्याचे मानले जाते.

लक्षणे

प्रारंभी घोडा ठेचकाळतो, कामास नाखूश होतो, वरचेवर एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतो व अधिक वेळ बसून राहतो. काही घोडे खुरांनी जमीन उकरून, पायास आराम वाटेल अशा रीतीने खळग्यात उभे राहतात. आधारबंधाच्या फाट्यांवर सूज येते व तेथे बोटांनी दाबल्यास घोडा पाय ओढून घेतो. पुढे घोटा जमिनीच्या दिशेने उतरतो व मागच्या पायाचा मधला सांधा आपला नैसर्गिक बाक सोडून खांबासारखा सरळ होतो. मागचे दोन्ही पाय, दोन्ही पुढचे किंवा चारही पाय बाधित होऊ शकतात.

इजा बहुधा एकाच पायास होते, अकस्मात होते आणि विश्रांतीने तीत सुधारणा दिसते. हा विकार मात्र दोन्ही बाजूंस, सावकाश व वाढत्या क्रमाने येतो. तरीही खचलेला प्रत्येक घोटा याच विकाराचा असे समजू नये. वयस्क घोड्यांतही घोटे काहीसे उतरतात. निदान पशुवैद्याकडूनच करून घ्यावे. त्यासाठी अल्ट्रासाउंड तपासणीचा चांगला उपयोग होतो.

काळजी

1. असा घोडा ओझे, सवारी व टांग्याच्या कामातून काढावा. वेदनाशामक औषध देऊन त्यास कामास जुंपू नये. वेदना दबल्याने तो दुखऱ्या पायावर अधिक भार घेतो व झीज वाढते.

2. डाग देऊ नयेत. डागाने कातडी भाजते. आतील झीज थांबत नाही आणि जनावरास व्यर्थ यातना होतात.

3. खुराचा पुढचा भाग लांब वाढू देऊ नये. खचलेला पाय उचलून धरावा म्हणून नालबंद टाच उंच करण्याचे सुचवितो; त्याने घोटा आणखी खाली दबण्याचा संभव असतो. नालबंदी पशुवैद्याच्या सल्ल्याने करावी.

4. तबेल्यात गवताचे जाड अंथरूण घालावे. जमीन सपाट व कोरडी असावी. चारा-खुराक बेताचा ठेवून घोड्याचे वजन वाढू देऊ नये.

5. घोड्यास उठणे अशक्य झाले व वेदना आवरेनाशा झाल्या, तर त्यास यातनांतून मुक्त करण्याविषयी पशुवैद्याशी वेळेवर विचारविनिमय करावा.

आजाराने कामास अयोग्य झालेल्या जनावरास कामास लावणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही मालकांस समजावून द्यावे.

खरेदी व पैदास

यात्रेत घोडा घेताना तो सपाट जमिनीवर उभा करून बाजूने पाहावा. चारही घोट्यांची उंची, मागच्या पायांचा बाक व नळीमागील सूज तपासावी. नंतर त्यास चालवून पाहावे. गवतात किंवा वाळूत उभ्या केलेल्या घोड्याचे घोटे नीट दिसत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

पैदाशीत खरी अडचण अशी, की अनेक घोड्यांत लक्षणे दिसेपर्यंत त्यांची शिंगरे जन्मून मोठी झालेली असतात. यासाठी वयस्क होऊनही ज्याचे पाय शाबूत आहेत असा वळू निवडणे हिताचे. बाधित घोडी वा वळू पैदाशीस वापरू नये आणि त्यांच्या शिंगरांच्या पायांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील घोड्यांचे आई-बाप व त्यांच्या पायांची अवस्था यांची साधी नोंदवही ठेवल्यास पुढील खरेदीदारांस व पशुवैद्यांस तिचा मोठा उपयोग होईल.