अपत्यांची अभिरक्षा

अज्ञान अपत्याचा प्रत्यक्ष ताबा व दैनंदिन संगोपन कोणाकडे असावे, यासंबंधीची विधिव्यवस्था. पालकत्व आणि अभिरक्षा या संकल्पना भिन्न आहेत. पालक हा अज्ञानाच्या शरीराची वा संपत्तीची विधितः जबाबदारी घेतो; अभिरक्षक त्याला प्रत्यक्ष सांभाळतो. दोन्ही भूमिका बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. परंतु घटस्फोट, एका जोडीदाराचा मृत्यू वा गंभीर आजार यांमुळे त्या विभागल्या जातात आणि अशा वेळी आजी-आजोबांचा प्रश्न न्यायालयापुढे येतो.

भारतात याविषयीचा सर्वसाधारण विधी म्हणजे पालक व पाल्य अधिनियम, १८९०. त्याच्या १७ व्या कलमानुसार पालक नेमताना न्यायालय अज्ञानाचे वय, लिंग व धर्म, नियोजित पालकाचे चारित्र्य, पात्रता व नात्यातील जवळीक, मृत मातापित्यांची इच्छा इ. गोष्टी विचारात घेते; मूल समंजस असल्यास त्याची पसंतीही लक्षात घेता येते. १९ व्या कलमान्वये हयात पिता अपात्र नसल्यास अन्य पालक नेमता येत नसे. २०१० च्या दुरुस्तीने या तरतुदीत मातेचाही समावेश झाला. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याप्रमाणे पिता व त्याच्यानंतर माता हे नैसर्गिक पालक होत. पाच वर्षांखालील अपत्याचा ताबा सामान्यतः मातेकडे असतो. येथील ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा नसून त्याच्या अनुपस्थितीत असाही होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ मध्ये ठरविले. या अधिनियमाच्या १३ व्या कलमाने अज्ञानाचे हित सर्वोपरी मानले आहे.

आजी-आजोबा नैसर्गिक पालकांत मोडत नाहीत. त्यांना न्यायालयाकडून नेमणूक मिळवावी लागते. याउलट हनफी मुस्लिम विधीत मुलगा सात वर्षांचा व मुलगी वयात येईपर्यंत संगोपनाचा अधिकार मातेकडे असून, ती नसल्यास तो प्रथम मातामहीकडे व नंतर पितामहीकडे जातो.

प्रत्यक्ष निर्णयांत दोन तत्त्वांचा संघर्ष दिसतो. हयात मातापित्यांचा अधिकार हे एक आणि मुलाचे जुळलेले भावबंध हे दुसरे. मुले ही वस्तू नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच स्पष्ट केले होते. कोलकात्यातील एका प्रकरणात आईच्या मृत्यूनंतर मुलगा तिच्या आईवडिलांकडे राहत होता व पित्यावर त्याच मृत्यूसंबंधी फौजदारी आरोप होते. कनिष्ठ न्यायालयांनी पिता नैसर्गिक पालक म्हणून त्याच्या बाजूने कौल दिला. मात्र २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपांचे गांभीर्य व मुलाची इच्छा यांचा विचारच झाला नाही, असे म्हणून ताबा आजी-आजोबांकडे ठेवला. उलट महाराष्ट्रातील एका प्रकरणात आई कर्करोगाने वारली व पिता आजारी असताना तान्ही मुलगी आईच्या भावंडांकडे होती. बरा झालेल्या पित्याकडे ती सोपविण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश २०१९ मध्ये कायम झाला; तथापि मुलीला एकाएकी तुटल्यासारखे वाटू नये, म्हणून संक्रमणकाळात नातलगांना तिच्या सहवासाची मुभा देण्यात आली.

दोन्ही मातापिता नसल्यास नातलगांतच निवड करावी लागते. २०२१ च्या कोविड साथीत पोरक्या झालेल्या गुजरातमधील एका मुलाचा ताबा उच्च न्यायालयाने मावशीचे वय व स्थिर नोकरी पाहून तिच्याकडे दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो वृद्ध पितामह-पितामहींकडे दिला. केवळ उत्पन्न व वय हे निकष निर्णायक नव्हेत, असे या निर्णयाचे सार आहे.

अन्य देशांत भेटीच्या हक्काला विशेष महत्त्व आले आहे. फ्रान्सच्या नागरी संहितेत (अनुच्छेद ३७१-४) आजी-आजोबांशी संबंध ठेवणे हा मुलाचा हक्क मानला आहे. इंग्लंडमध्ये अर्ज करण्यासाठी आजी-आजोबांना सामान्यतः न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका प्रकरणात, सुयोग्य मातेच्या निर्णयाला महत्त्व न देता आजी-आजोबांना दिलेल्या भेटी घटनाबाह्य ठरविल्या. भारताच्या विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त अभिरक्षेबरोबरच आजी-आजोबांच्या सहवासकाळाचाही विचार केला आहे.

कुटुंब न्यायालये अधिनियम, १९८४ अन्वये असे दावे कुटुंब न्यायालयांकडे जातात. प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे या न्यायालयांचे कर्तव्य असून समुपदेशकांचे साहाय्य घेतले जाते. या प्रक्रियेत कालावधीला मोठे महत्त्व आहे. दावा लांबला, तर मूल ज्या घरी असते तेथेच त्याची माया जडते व तात्पुरती व्यवस्थाच पुढे हिताचे कारण म्हणून पुढे येते. त्यामुळे अंतरिम आदेशही अंतिम निर्णयाइतक्याच काळजीने देणे आवश्यक ठरते. अभिरक्षेचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती पालटल्यास न्यायालय तो बदलू शकते, कारण मूल वाढत असते आणि त्याच्या गरजाही बदलत असतात.