भाड्याच्या मोटारीचे पंक्चर आणि निक्षेपाचा कायदा : खर्च कोणी सोसावा?

प्रस्तावना

स्वतः चालविण्यासाठी मोटार भाड्याने घेण्याची पद्धत आता मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ७५ अन्वये केंद्र शासनाने १९८९ साली ‘रेंट-ए-कॅब’ योजना जाहीर केली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या या मोटारी गोव्याला जाणाऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. परिसंवाद, बाह्य परीक्षकाचे काम, क्षेत्रभेट अशा निमित्तांनी प्राध्यापक वर्गही त्यांचा वापर करू लागला आहे. मोटार परत केल्यानंतर अनामत रकमेतून होणाऱ्या कपातीविषयी मात्र फारसा विचार केला जात नाही. या कपातींमध्ये टायरचा खर्च ही बाब वारंवार आढळते. तिचा कायद्याच्या व व्यवहाराच्या अंगाने उलगडा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय हाती घेण्यास एक घटना कारणीभूत झाली. कोल्हापूर येथील परिसंवादाहून पुण्यास परतताना कराडच्या पुढे, रात्री साडेनऊच्या सुमारास, प्रस्तुत लेखकाने भाड्याने घेतलेल्या मोटारीचे मागील डावे चाक बसले. रस्त्याचे काम सुरू असल्याने कडेला थांबण्यास जागा नव्हती. म्हणून त्याच चाकावर सुमारे दीड किलोमीटर अंतर हळूहळू कापून पंक्चरचे दुकान गाठले. दुकानदाराने चाक न खोलता बाहेरूनच खिळा उपटला, छिद्रात पट्टी ठासली आणि दीडशे रुपये घेतले. मोटार परत केल्यावर चौथ्या दिवशी दहा हजार रुपयांच्या अनामत रकमेपैकी तीन हजार सहाशे रुपये परत आले. उरलेले सहा हजार चारशे रुपये नव्या टायरपोटी वळते करून घेतल्याचे कळविण्यात आले. खिळा रस्त्यावरचा होता, ते दीड किलोमीटर मात्र लेखकाने स्वतः चालविलेले होते. हा वाद सरळ ‘अन्याय झाला’ या सदरात का बसत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

टायरचे नुकसान म्हणजे नेमके काय?

कायद्याकडे वळण्यापूर्वी वस्तूकडे पाहणे आवश्यक आहे. ‘टायर पंक्चर झाला’ या एका वाक्यात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि भाड्याच्या बिलात त्या सर्रास एकच मानल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, म्हणजे ट्रेडमध्ये, गेलेला खिळा. मोटारींच्या टायरमधील असे छिद्र साधारणपणे सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर ते दुरुस्त करता येते आणि टायरचे आयुष्य जवळजवळ तसेच राहते. दुसरी गोष्ट म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला बसलेला काप. हा भाग सतत वाकत असतो, म्हणून तेथील छिद्र दुरुस्त करण्याजोगे मानले जात नाही. खड्ड्याची धारदार कड किंवा पदपथाचा दगड हे त्याचे नेहमीचे कारण. तिसरी गोष्ट सर्वात फसवी आहे. हवा गेलेल्या चाकावर मोटार चालविली की बाजूची भिंत वजनाखाली दुमडते, प्रत्येक फेऱ्यात घासते व तापते आणि आतील धाग्यांचे थर सुटू लागतात. बाहेरून फार तर एक फिकट वर्तुळाकार रेघ दिसते. टायर रिमवरून उतरवला तर आत काळा रबरी चुरा सापडतो. कराडच्या पुढील दुकानदाराने चाक खोललेच नसल्याने असा चुरा आत होता की नव्हता, हे कोणीही पाहिले नाही.

ट्यूबलेस टायरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. खिळा रुतल्यावर तोच बुचाचे काम करतो आणि हवा दिवसेंदिवस थोडी थोडी जात राहते. सोमवारी एका ग्राहकाच्या हाती रुतलेला खिळा गुरुवारी दुसऱ्याच ग्राहकाच्या हाती चाक बसवू शकतो. भाड्याची मोटार आठवड्यात तीन-चार हातांतून जाते. त्यामुळे ज्याच्या ताब्यात चाक बसले त्याच्याच ताब्यात खिळा लागला, हे गृहीतक तंत्रदृष्ट्या टिकत नाही. वस्तुतः या एका मुद्द्यावर निम्मे वाद निकाली निघावेत, परंतु तो मांडला जात असल्याचे क्वचितच दिसते.

१८७२ च्या कायद्यातील घोडे आणि गाडी

एकाची वस्तू विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या ताब्यात देणे व हेतू पूर्ण झाल्यावर ती परत घेणे, या व्यवहारास भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ मध्ये निक्षेप मानले आहे. संकल्पना जुनीच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवीचा विचार आला आहे. राजाने नेलेली, दैवी आपत्तीत नष्ट झालेली अथवा चोरांनी पळविलेली ठेव भरून देण्याची सक्ती तेथे केलेली नाही. मात्र मालकाने मागूनही ती न देणाऱ्यास त्या सवलतीचा लाभ मिळत नाही. उसन्या घेतलेल्या वस्तूंसही हाच नियम सांगितला आहे. भाड्याने घेतलेल्या वस्तूचा प्रश्न याहून थोडा निराळा, कारण तेथे देणाऱ्याला मोबदला मिळतो. नेमका हाच फरक १८७२ च्या कायद्याने विचारात घेतला आहे.

कलम १५० अन्वये वस्तू देणाऱ्याने तिच्यातील आपल्याला ठाऊक असलेले दोष सांगितले पाहिजेत. वस्तू भाड्याने दिली असेल तर ही जबाबदारी वाढते. दोष त्याला ठाऊक असो वा नसो, त्यामुळे होणाऱ्या हानीस तो जबाबदार ठरतो. या कलमाखालील एक उदाहरण आपल्या विषयाच्या फार जवळचे आहे. एक इसम दुसऱ्याकडून गाडी भाड्याने घेतो. गाडी धोकादायक असते, मालकाला त्याची कल्पना नसते आणि घेणाऱ्यास इजा होते. जबाबदारी मालकाची. ती गाडी घोड्यांची होती, हे उघड आहे. परंतु झिजून गुळगुळीत झालेल्या टायरसह मोटार देणाऱ्या आजच्या मालकास हे उदाहरण जसेच्या तसे लागू पडते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या ट्रेडची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. त्याहून झिजलेला टायर हा कलम १५० च्या अर्थाने दोषच होय.

घेणाऱ्याने किती काळजी घ्यावी हे कलम १५१ सांगते. सामान्य शहाणपणाचा मनुष्य तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी. तेवढी घेतली असेल तर कलम १५२ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. रस्त्यावरचा खिळा कोणत्याही शहाण्या मनुष्यास रात्री दिसत नाही. सबब केवळ खिळ्याच्या पंक्चरचा खर्च मूळ कायद्यानुसार ग्राहकाचा नव्हे. बसलेल्या चाकावर मोटार चालविणे मात्र कलम १५१ च्या कसोटीस लावावे लागते. रस्त्याला कड नसताना दीड किलोमीटर जाणे हे सामान्य शहाणपणाचे वर्तन ठरते काय? लेखकास वाटते, ठरते. परंतु हे मत हितसंबंधी व्यक्तीचे आहे, याचीही जाणीव आहे.

कलम १५४ कडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. ठरलेल्या अटींविरुद्ध वापर केल्यास काळजी घेऊनही झालेल्या नुकसानीची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. येथील उदाहरणात कलकत्त्यातून बनारसला जाण्यासाठी भाड्याने घेतलेला घोडा घेणारा इसम कटकला नेतो. घोडा अपघाताने पडून जखमी होतो आणि जबाबदारी त्या इसमावर येते. ‘कच्च्या रस्त्यावर, समुद्रकिनाऱ्यावर किंवा राज्याच्या सीमेपलीकडे मोटार नेऊ नये’ अशा अटी करारात का असतात, हे त्या घोड्यावरून उमगते. किनाऱ्याच्या वाळूत मोटार उतरवून टायर फाडून आणणाऱ्याने कलम १५२ चा आधार मागू नये.

दोन शब्दांचे दार

मूळ कायदा ग्राहकास इतका अनुकूल असताना पैसे त्याच्याच खिशातून का जातात? याचे उत्तर कलम १५२ मधीलच ‘विशेष करार नसल्यास’ या अर्थाच्या शब्दांत आहे. ‘भाड्याच्या काळातील टायरचे सर्व नुकसान ग्राहकाकडे’ ही छापील किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील ओळ म्हणजे असा विशेष करार होय. आपण ती न वाचताच मान्य करतो.

मालकाच्या बाजूने विचार केल्यास ही ओळ निव्वळ लोभातून आलेली नाही. आपल्याकडील प्रमाणित सर्वसमावेशक मोटार विम्यात केवळ टायर-ट्यूबचे नुकसान भरून मिळत नाही. त्याच वेळी वाहनाचेही नुकसान झाले तरच मिळते आणि तेही बदलाच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंतच. विमा कंपनीने सोडून दिलेली जोखीम मालक पुढे ग्राहकाकडे सरकवितो. अपघात टाळणे ज्यास सर्वात कमी खर्चात शक्य आहे त्याच्यावर भार टाकावा, असा विचार गिडो कॅलाब्रेसी यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात मांडला. त्या कसोटीने पदपथावर घासून फाटलेल्या टायरचा भार चालविणाऱ्यावर टाकणे सयुक्तिक ठरते. खिळ्याचे तसे नाही. खिळा दोघांनाही टाळता येत नाही, पण शंभर मोटारी बाळगणारा मालक तो खर्च भाड्यात थोडा थोडा पसरू शकतो. एका दिवसाचा ग्राहक ते करू शकत नाही.

छापील अट न्यायालयात नेहमीच टिकते असे नाही. ‘लिली व्हाइट विरुद्ध मुनुस्वामी’ या प्रकरणात धुलाईच्या पावतीवर छापलेली, हरवलेल्या कपड्याच्या निम्म्याच किमतीपर्यंत जबाबदारी घेणारी अट मद्रास उच्च न्यायालयाने लोकहितविरोधी ठरविली. तेथे वस्तू घेणारा आपली जबाबदारी घटवू पाहत होता. येथे देणारा समोरच्याची जबाबदारी वाढवीत आहे. त्यामुळे तो निर्णय येथे जसाच्या तसा लागू होणार नाही, मात्र पाठीमागे छापलेल्या ओळीकडे पाहण्याची दृष्टी त्यातून मिळते.

रकमेचा हिशेब

अट मान्य केली तरी रक्कम किती, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि ग्राहकाचे खरे बळ येथेच आहे. करारभंगापोटी करारात रक्कम नमूद असली तरी कलम ७४ प्रमाणे त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. ‘मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी व मासळी पुरविण्याचे करार मोडले होते. शासनाने जप्त केलेली १८,५०० रुपयांची अनामत सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली परत करावयास लावली. नुकसान सिद्ध करता येण्याजोगे असताना ते सिद्ध न करता अनामत गिळंकृत करता येत नाही, असे त्यातील तत्त्व आहे. टायरचे नुकसान तर मोजपट्टीने मोजता येते.

समजा, नव्या टायरची ट्रेड खोली ८ मिलिमीटर आहे. १.६ मिलिमीटरपर्यंत तो वापरता येतो, म्हणजे उपयोगाची खोली ६.४ मिलिमीटर झाली. नुकसानीच्या दिवशी खोली ४ मिलिमीटर असेल तर उपयोगाची २.४ मिलिमीटर, म्हणजे ३७.५ टक्के, शिल्लक होती. नव्या टायरची किंमत ६,४०० रुपये धरल्यास मालकाचे खरे नुकसान २,४०० रुपये होते. पूर्ण किंमत घेतल्यास मालकाला जुन्याच्या जागी नवा टायर ग्राहकाच्या पैशाने मिळतो. टायरचे वय त्याच्या बाजूवरील चार आकड्यांत वाचता येते. पहिले दोन आकडे वर्षातील आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवितात.

पुरावा आणि दाद

वस्तू ताब्यात असताना बिघडली की पुरेशी काळजी घेतल्याचे दाखविण्याचा भार घेणाऱ्यावर असतो, असे न्यायालये मानीत आली आहेत. म्हणून मोटार घेताना पत्र्यावरील ओरखड्यांबरोबरच चारही टायर, त्यांवरील आकडे आणि स्टेपनी यांची छायाचित्रे काढणे अगत्याचे आहे. पंक्चरवाल्याची पावती घ्यावी. टायर उतरवून आतील बाजू पाहावी. काढलेला खिळाही जपून ठेवावा. त्याची झिजलेली टोपी तो बरेच दिवस रस्त्याला घासत होता हे सांगू शकते. प्रस्तुत लेखकाने यांपैकी काहीही केले नव्हते. टायर पाहावयास मागितला तेव्हा तो भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. ज्या वस्तूच्या आधारे मागणी केली ती वस्तूच मालकाने पुढे आणली नाही, ही बाब त्याच्याविरुद्ध जाते. परंतु तिचा उपयोग तक्रार केली तरच होणार.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४६) मध्ये, झालेल्या नुकसानीच्या मानाने पूर्णतः विषम दंड लादणाऱ्या कराराचा समावेश ‘अनुचित करारा’त केला आहे. अडचण अशी की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगापासून सुरू होते. सहा हजारांसाठी कोणी तेथवर जाईल ही अपेक्षा अवास्तव आहे. सेवेतील त्रुटी व जादा वसुली या स्वरूपात तक्रार मांडल्यास मात्र जिल्हा आयोग खुला आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत तेथे शुल्क नाही, वकील अनिवार्य नाही आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. लेखकाने तशी नोंद केली आणि सोबत झिजेचा हिशेब मागणारे पत्र कंपनीस पाठविले. बाराव्या दिवशी तीन हजार रुपये परत आले. ते कोणत्या हिशेबाने, हे कळविलेले नव्हते.